सात मात्रांचं इंग्रजी गाणं

मुलांनो, एका जागी बसून, मधे न उठता, सलग ४३ मिनिटं तुम्ही कधी गाणी ऐकली आहेत का? मोबाइलवर ऐकतो तसं नव्हे हं, अर्धं झालं की पुढचं! पहिल्यापासून शेवटपर्यंत, करणाऱ्यांनी ज्या क्रमानं लावली त्याच क्रमानं. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरी असं ऐकणं झालं. तेही इंग्रजी, आणि तेही आमच्या आबांच्या खोलीत!

त्या रेकॉर्डचं नाव ‘द डार्क साइड ऑफ द मून’. इंग्लंडच्या पिंक फ्लॉइड या बँडनं ती १९७३ साली काढली. अशा संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. रॉक म्हणजे गिटार, ड्रम आणि दणदणाट, एवढंच आपल्याला ठाऊक. पण १९७० च्या सुमारास तिकडच्या काही मंडळींना तीन मिनिटांच्या गाण्यात करमेना. त्यांनी लांबलचक रचना केल्या, अवघड ताल घेतले, एका गाण्यातून न थांबता दुसऱ्यात शिरायला सुरुवात केली. ही रेकॉर्ड हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते आणि ठोक्यांनीच संपते. मधे एकदम घड्याळं घणघणतात, कुणी पळतं, कुणी हसतं. पहिल्यांदा ऐकताना माझं तर डोकंच चक्रावलं!

माझा भाचा अकरावीत आहे. त्याला या रेकॉर्डचा भारी नाद. आणि आबा, म्हणजे माझे वडील, आता पंच्याहत्तरीचे. चाळीस वर्षं पेठेतल्या भजनी मंडळात त्यांनी तबला वाजवला. पण तीन वर्षांपूर्वी कान कमी झाले. यंत्र लावलं तरी टाळांचा नुसता कल्लोळ होतो, म्हणायचे. एकदोनदा सम हुकली, आणि आबांनी तबल्याला खोळ घातली ती घातलीच. घरात कुणी तो विषय काढायचा नाही.

म्हातारपणी कान जातात, ते कसे जातात माहीत आहे का? आधी बारीक, उंच आवाज जातात. पाखरांची किलबिल, लहान मुलांचं बोलणं, ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरं. जाड, खर्जातले आवाज त्यामानानं जास्त दिवस टिकतात. म्हणून आजोबांशी बोलताना उगाच किंचाळू नका, सावकाश आणि समोर बसून बोला. असो.

त्या दिवशी भाच्यानं स्पीकर आबांच्या लाकडी टेबलावर ठेवला होता. ‘मनी’ नावाचं गाणं लागलं. सुरुवातीला नाणी पडतात, कागद फाटतो, दुकानाच्या गल्ल्याचं यंत्र खणखणतं. हे त्या काळी कसं केलं असेल? आवाज टेपच्या फितीवर घेतले, मोजपट्टीनं मोजून फितीचे सारख्या लांबीचे सात तुकडे कापले आणि ते चिकटवून एक वळं केलं. वळं फिरत राहिलं, की सात आवाज त्याच क्रमानं पुन्हा पुन्हा! आपल्या हस्तकलेच्या तासासारखंच की नाही?

मग जाड तारांची बेस गिटार सुरू झाली. आबांचा तळवा टेबलावर होता. बघता बघता त्यांची बोटं हलायला लागली.

‘‘कशाचं रं हे?’’

‘‘इंग्रजी आहे आबा. बंद करू?’’

‘‘थांब की लेका! सात हायत. सात मात्रा!’’

खरंच, त्या गाण्याचा ताल सातचा आहे. आपल्या रूपकातही सातच मात्रा: ती ती ना, धी ना, धी ना. वळण वेगळं, पण मोजणी तीच. सात मोजणं सोपं नाही बरं का! कवायतीला आपण आठ मोजतो, हाताला तीच सवय. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी तिसरीच्या वर्गाला सातावर टाळी द्यायला लावली, तर निम्मा वर्ग आठव्या टाळीवर जाऊन हसत सुटला. तुम्हीही करून पाहा.

पुढे गंमत झाली. गिटार एकटी वाजू लागली आणि आबांची बोटं अडखळली. ‘‘हितं कायतरी बदललं,’’ म्हणाले. भाच्यानं परत लावलं. तिथं ताल चारचा होतो! तिसऱ्या वेळी आबा बोटावर मोजत बसले आणि ताल पुन्हा साताकडे वळला, तेव्हा त्यांनी टेबलावर अशी काही थाप दिली, की स्पीकर उडाला.

अवघड गाण्याची त्यांना भीती नाही. शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँ होते ना, त्या जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं आबा रेडिओवर ऐकत आले. खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर त्यांचे लाडके. दोन राग एकमेकांत गुंफलेले, लय वाकडी. ‘‘पहिल्यांदा नुसतं बसायचं. कळायचं ते मागनं कळतंय,’’ असं ते मला लहानपणी सांगायचे. तेव्हा मला त्याचा फार कंटाळा यायचा.

आठ दिवसांनी आम्ही सगळी रेकॉर्ड लावली. तिच्यात ‘मनी’च्या आधी एक गाणं आहे, त्यात क्लेअर टॉरी नावाची गायिका शब्दांशिवाय गाते. नुसता आवाज, आलापासारखा. मला वाटलं होतं, आबांना हेच सगळ्यात आवडेल. पण तो आवाज उंच चढतो, आणि आबांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

‘‘बाई गातीय काय?’’ त्यांनी विचारलं.

भाचा काही बोलला नाही. गवई करतात तसा त्यानं हात वर नेला, हलवला, सावकाश खाली आणला. आबा त्याच्या हाताकडे बघत राहिले. चार-पाच मिनिटं पोराचा हात असा हवेत चाललेला. मी खिडकीबाहेर बघत होते.

गाणं विरलं. लगेच नाणी पडायला लागली. आबांनी तळवा टेबलावर टेकला.

‘‘हं, आता गप बसा.’’