वय झालं म्हणून नव्हे

दुसऱ्या बाळंतपणापासून जोरात शिंक आली की माझी लघवी थेंब थेंब सुटायची. पाळी गेल्यावर ते वाढलं. पाण्याची बादली उचलली, खोकल्याची उबळ आली की साडी ओली. मग गडद रंगाच्याच साड्या, लग्नकार्यात दाराजवळची खुर्ची.

सासूबाईंचं निराळं. खोकून-शिंकून त्यांना काही होत नसे. पण लघवीची भावना झाली की मोरीपर्यंत पोचायच्या आतच सुटायची. रात्री झोपेचं खोबरं. "वय झालं गं आता," म्हणायच्या आणि संध्याकाळनंतर पाण्याला शिवायच्या नाहीत.

त्यांना डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा माझंही सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तक्रार एक दिसते, पण दुखणी दोन. मूत्राशयाला आणि मूत्रमार्गाला खालून आधार देणारे स्नायू माझ्या बाळंतपणांत सैल पडले होते. पोटावर दाब आला की ते तोकडे पडत. सासूबाईंचं मूत्राशय मात्र पुरतं भरण्याआधीच आकुंचन पावत होतं. त्यात तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग निघाला, साखर वाढलेली, जुनं बद्धकोष्ठ, शिवाय रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी त्या रात्री घ्यायच्या. ती डॉक्टरांनी सकाळी घ्यायला सांगितली. पाणी तोडल्याने लघवी दाट होते आणि मूत्राशयाला आणखी चाळवते, हे ऐकून सासूबाई थक्कच झाल्या.

त्यांनी वही घातली. स्वयंपाकघरातला जुना मापाचा पेला मोरीत गेला. किती प्यायलं, केव्हा गेलं, किती झालं, सगळं पेन्सिलीने लिहायच्या. भावना झाली की लगेच न धावता आधी पाच मिनिटं थांबायचं, पुढे दहा, असा सराव.

मला व्यायाम मिळाला. अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 मध्ये तो मांडला. वायू अडवताना आवळतो ते स्नायू वर ओढायचे, पाच आकडे धरायचे, तितकाच वेळ सैल सोडायचे. असं दहादा, दिवसातून तीन वेळा. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. लघवी करताना हा सराव करू नये. पहिला महिना काहीच फरक नव्हता. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास शिंक कोरडी गेली आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

सासूबाईंचं पूर्ण थांबलं नाही, पण रात्रीची झोप परत आली. बोळातला दिवा आता रात्रभर चालू असतो.

पुरुषांनाही हे होतं. प्रोस्टेट वाढली की मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि लघवी ठिबकत राहते. तेही गप्प बसतात. शाळा-कचेऱ्यांत धड स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका मी रोज बघते आणि संताप येतो.

लघवीत रक्त दिसलं, ताप आला, पायांतली शक्ती किंवा जांघेतली संवेदना अचानक गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवीही थांबू नका. येत्या आठवड्यात डॉक्टरांना सांगा: माझी लघवी सुटते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही आपणहून विचारा.