ताऱ्याची उधळपट्टी

आमच्या चिरंजीवांनी बँकेतली कायमची नोकरी सोडली, त्या दिवसापासून आमचं बोलणं 'मीठ दे' आणि 'पंखा बंद कर' एवढ्यावर आलं होतं. त्यांना म्हणे आकाशातल्या वायूंवर संशोधन करायचं होतं. वायूंचा त्रास मलाही आहे. पण त्यासाठी मी कधी राजीनामा दिला नाही.

जानेवारीतल्या एका रात्री त्याने मला पन्हाळ्यावर नेलं. थंडी अशी, की माकडटोपीतले कानसुद्धा शोधून काढी. हातात दुर्बीण देऊन म्हणाला, "मृगाच्या पोटातला बाण दिसतोय? त्याच्याखाली तो धुरकट ठिपका."

ढग 1300 प्रकाशवर्षं दूर. म्हणजे हा उजेड निघाला, तेव्हा शिलाहार भोजराजाचा हा किल्लाही झाला नव्हता!

"तिथे तारे जन्मतात, बाबा. सूर्याच्या आठपट, दहापट, त्याहूनही जड. वायू पोटात ओढतानाच ते दोन्ही टोकांनी वायू बाहेर फेकतात."

"मिळवायचं आणि उधळायचं! तुमच्याच पिढीचे दिसतायत."

तो हसला नाही. "फेकलं नाही तर वाढताच येत नाही. आत येणारा वायू गरगरत असतो. जितका आत, तितकी गरगर जास्त. मग तो ताऱ्यावर पडायचाच नाही, नुसता भोवती फिरत बसेल. चुंबकीय क्षेत्र त्यातला थोडा बाहेर भिरकावतं. तो गरगर घेऊन जातो, तेव्हा कुठे उरलेला आत पडतो."

मी तीस वर्षं एकाच टेबलाभोवती फिरलो, हे त्याने काढलं नाही. मलाच आठवलं.

"याच ढगात एक भांडणही झालंय," तो म्हणाला. "आपल्याला दिसतं त्याच्या पाचएकशे वर्षं आधी. कोवळे जड तारे फार जवळ आले असावेत. झटका बसून ते वेगवेगळ्या वाटांनी सुटले. वायू तर सेकंदाला 300 किलोमीटरपर्यंतच्या वेगाने उधळला."

"घरातलंच भांडण म्हणायचं."

"सख्ख्यांचं."

"मग? परतले?"

"अजून लांबच चाललेत."

यावर काय बोलणार? आम्ही खानावळीत शिरलो. मावशींनी झुणका-भाकरी पुढे ठेवली. "काय दिसलं का न्हाई वर?" त्यांनी विचारलं.

"धूर," मी म्हणालो.

"मीठ द्या," चिरंजीव म्हणाले.

मी मीठ सरकवलं आणि विचारलं, "विद्यावेतन किती देतात रे?"