घासाचा जोर पाठीत

१४ जून
फिशटँकमधल्या एंजलफिशला ब्लडवर्म घातले. तो तोंड लावताना दिसतच नाही. अळी होती तिथून नाहीशी होते. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण केलं, म्हणजे एक फ्रेम जेमतेम ४ मिलिसेकंदांची. मग उलगडलं. खालचा जबडा पडतो, ओठ पुढे येतात, तोंडाची पोकळी एकदम फुगते, आतला दाब घसरतो आणि पाणी अळीला घेऊन आत शिरतं. ही ओढ तोंडापुढे साधारण तोंडाच्या रुंदीइतक्याच अंतरावर चालते. म्हणून अगदी जवळ जायचं आणि क्षणात उरकायचं.

१७ जून
समुद्रातली मासेमारी बंद, बाजारात खाडीचा मासा. काळुंदर आणला. कापताना कवटीमागचं जाड मांस निरखून पाहिलं. पोहण्याचं म्हणून आपण ओळखतो ते हेच मांस, आणि घास घेताना कवटी मागे खेचून डोकं उचलतं तेही हेच. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या एरियल कॅम्प, थॉमस रॉबर्ट्स आणि एलिझाबेथ ब्रेनर्ड यांनी २०१५ साली लार्जमाउथ बास या माशाचा घास क्ष-किरण चित्रणाने तपासला. जोरदार घासातली जवळपास सगळी शक्ती धडाच्या स्नायूंची निघाली! डोक्यातले स्नायू त्यासाठी फारच लहान. हे वाचून मी पुन्हा स्वयंपाकघरात गेले, उरलेलं डोकं हातात घेऊन वरखाली करून पाहिलं.

१८ जून
मग धडाच्या आकाराला महत्त्व येणारच. ब्लूगिल हा बासचाच नातलग, पण अंगाने उंच, चपटा, तोंड लहान. उंच पाठीत स्नायू जाड बसतो आणि कवटीच्या सांध्यापासून उंचावर ओढतो, त्यामुळे तरफ लांब मिळते. पोकळी लहान, म्हणून तेवढ्याच बळात दाब जास्त घसरतो. बास लांबट, तोंड भलंमोठं. त्याची ओढ सौम्य. तो वेगाने अंगावर जातो आणि भक्ष्य तोंडात घेतो. यात कमीजास्त कोणी नाही. स्थिर बसलेलं बारीक भक्ष्य टिपायला एक बांधा, पळणारा मासा गाठायला दुसरा.

२२ जून
समुद्रघोडा मात्र या हिशेबाबाहेरचा. पाठीतला जोर तो कंडरांमध्ये ताणून ठेवतो, धनुष्याच्या दोरीसारखा, आणि सोडतो. १० मिलिसेकंदांच्या आत डोकं वर फिरून घास संपलेला असतो. माझ्या कॅमेऱ्याला दोन फ्रेमही धड मिळाल्या नसत्या. त्याचा नातलग पाइपफिश सरळ अंगाचा. अँटवर्पच्या सॅम व्हॅन वासेनबर्ग यांनी २०११ साली दाखवलं, की मान वाकडी असल्यामुळे समुद्रघोड्याचं तोंड अधिक लांबवर पोचतं. शेपटीने गवत धरून एका जागी बसणाऱ्याला हेच हवं.

२५ जून
प्रॅक्टिकलची तयारी. जबडा शिकवायचा म्हणून आपण डोकं धडापासून तोडतो आणि जबडा चालवणारं इंजिनच टाकून देतो. शिक्षकमित्रांनो, या वर्षी मासा अखंड ठेवा, आधी कवटीमागचा स्नायू दाखवा.