एक आडवी रेघ

बी. फार्म. होऊन वाळूजच्या एका मोठ्या औषध कंपनीत लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी गोळ्या तयार होताना बघायला मिळतील असं वाटलं होतं. पहिला आठवडा गेला तो एसओपी, म्हणजे प्रत्येक कामाची ठरलेली लेखी पद्धत, वाचण्यात. हात कसे धुवायचे याची एसओपी, फरशी कशी पुसायची याची, अगदी एसओपी कशी लिहायची याचीसुद्धा. वाचून झालं की सही, तारीख.

मग आत जायची वेळ आली. घड्याळ, बांगड्या, टिकली, सगळं बाहेर. चेंज रूममधल्या आडव्या बाकावर बसून पाय पलीकडे टाकायचे. पलीकडे गेलेला पाय पुन्हा अलीकडे टेकवायचा नाही. टोपी आणि मास्क चढले की माणसं फक्त डोळ्यांवरून ओळखायची. प्रत्येक खोलीबाहेर हवेच्या दाबाचा काटा, त्याचीही नोंद. आपण औषध बनवतोय की वह्या भरतोय, तेच मला कळेना.

कॉम्प्रेशनचं यंत्र तासाला लाखावर गोळ्या पाडतं. त्यातल्या २० गोळ्या घेऊन एकेकीचं वजन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मधुमेहावरची मेटफॉर्मिन, सरासरी वजन ५५० मिलिग्रॅम, फरक चालणार फार तर ५ टक्के. सतराव्या गोळीला वजनकाट्यावर ५४८ आलं आणि माझ्या हातून लिहिलं गेलं ५८४. म्हणजे मर्यादेच्या बाहेर! घाबरून मी आकड्यावरच आकडा गिरवला.

क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाच्या, मॅडमनी पान पाहिलं. "गिरवायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. चूक सगळ्यांची होते. पण ती झाकलीस, तर बाकीच्या पानावर तरी कोण विश्वास ठेवील?" वजनकाट्याच्या छापील चिठ्ठीवर ५४८ होतं म्हणून निभावलं. तरी लेखी खुलासा द्यावा लागला. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सहा गोळ्या ३७ अंशांच्या पाण्यात सोडल्या. १५ मिनिटांच्या आत त्या फुटायला हव्यात. जाळीच्या नळ्या खालीवर होत होत्या, गोळ्यांच्या कडा झडत होत्या, पाणी गढूळ होत होतं. ते बघताना एकदम उमगलं, या सहा गोळ्या आता कुणीच खाणार नाही. रोगी जी गोळी खाईल, ती अशी पाण्यात विरघळवून कुणीच पाहिलेली नसेल. तिची हमी द्यायला आपल्याकडे आहे काय, तर खरं लिहिलेलं पान.

गेल्या आठवड्यात बॅच बदलताना 'यंत्र रिकामं आहे' अशी सही मी करून टाकली. तेवढ्यात ऑपरेटर दादांनी हॉपरखाली, म्हणजे पूड ओतायच्या नरसाळ्याखाली, बॅटरी मारली. कोपऱ्यात आधीच्या औषधाची एक गोळी अडकली होती.

"ताई, आता?" त्यांनी विचारलं.

यंत्र पुन्हा उघडायचं, पुन्हा साफ करायचं, शिफ्ट लांबणार. मी पेन काढलं आणि माझ्या सहीवर एक आडवी रेघ ओढली.