काल काय खाल्लं?

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरवर माझं टेबल वजनकाट्याला लागून आहे. टेबलावर एक स्टीलची वाटी, एक डाव आणि शेंगदाण्याची बरणी असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिथं छापील तक्ता होता. त्यात सफरचंद, पनीर, सुका मेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईच्या हातात मी तो दिला. तिनं नीट घडी घालून पिशवीत ठेवला. पुढच्या खेपेला तिचं वजन दोन किलोनं उतरलेलं. त्या घडीची मला अजून लाज वाटते.

तेव्हापासून आधी विचारते, मग सांगते. "जेवण जातं का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "जातं की." म्हणून कालचा दिवस पहाटेपासून उलगडायला लावते. अशाच एका ऊसतोड मावशीशी झालेलं हे बोलणं.

"उठल्यावर काय घेतलं, मावशी?"

"कोरा चहा."

"मग?"

"फडात भाकर."

"कशासंगं?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "ठेचा होता. पण तोंड पेटतंय, ताई. पाण्यात बुडवून दोन घास गिळले."

बॅटरीच्या उजेडात बघितलं, तर जिभेवर आणि टाळूवर पांढरे चट्टे. बुरशी. भूक होती, पण घास उतरत नव्हता. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. तोंड बरं होईपर्यंत तिखट बंद, भाकरी वरणात कुस्करून, ज्वारीची अंबील गार करून, वर दाण्याचं बारीक कूट.

लक्षणं नसली तरी एचआयव्हीत शरीराला सुमारे 10 टक्के जास्त ऊर्जा लागते, लक्षणं असताना 20 ते 30 टक्के. टक्के सांगून काय उपयोग? मी बरणीतून मूठभर दाणे काढून तिच्या तळहातावर ठेवते. एवढे रोज, आणि दीड-दोन भाकरी जादा. त्या मुठीत सातेक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे एका अंड्याहून थोडी जास्तच.

मग दुसरी गोष्ट निघाली. ज्या दिवशी पोटात काही नाही त्या दिवशी ती गोळीही ठेवून द्यायची. उपाशीपोटी औषध घेऊ नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाची गोळी रिकाम्या पोटीही चालते, चुकवायची मात्र नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात. नाही तर डोल्युटेग्राविर दोन तास आधी. हे मी पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं.

1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांतून एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. ताट मात्र घरच्या चुलीवर अवलंबून. तिची ताटली वेगळी होती, ओट्याखाली ठेवलेली. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते तिच्यात. एका ताटात जेवल्यानं एचआयव्ही होत नाही, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते सासूला.

वजन आता दीड किलोनं वाढलंय. ताटली अजून ओट्याखालीच आहे. पुढच्या तारखेला सासूबाईंना घेऊन या, असं सांगून ठेवलंय. त्या आल्या तर दोघींना समोरासमोर बसवून एकाच वाटीतले दाणे देणार आहे.