एका बाजूचं बोलणं

आमच्या बँकेत प्रत्येकाला काही ना काही नाद आहे. कॅशमधले एक गृहस्थ होमिओपथीच्या गोळ्या देतात, लोन्समधले एक जण पत्रिका जुळवतात आणि मॅनेजरसाहेब बदल्यांच्या अफवा जमवतात. हे सगळे नाद समाजमान्य आहेत. मी मात्र शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकतो म्हटल्यावर समोरचा माणूस माझ्याकडे सहानुभूतीने पाहतो. "अजून लागतं का हो त्यावर काही? बीबीसीची हिंदी सेवासुद्धा २०२० च्या जानेवारीत शॉर्टवेव्हवरून उठली. मग राहिलं कोण?"

राहिले ते बोलणारे. कार्यक्रम करणारे नव्हेत, नुसते बोलणारे. परवाना काढून घरून बोलणारे हौशी हॅम, समुद्रावरून जाणारी विमानं, अशी मंडळी. ही मंडळी सिंगल साइडबँड, म्हणजे एसएसबी नावाच्या पद्धतीने बोलतात, आणि आपल्या साध्या रेडिओवर ते बोलणं सर्दी झालेल्या बदकाने मंगलाष्टकं म्हणावीत तसं ऐकू येतं.

आता असं का होतं, ते मी हिशेबात सांगतो. मी बी.कॉम. आहे. फिजिक्सचा आणि माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर उभयपक्षी संमतीने संपला. तर नेहमीच्या एएम प्रक्षेपणात, आवाज अगदी पूर्ण भरलेला असताना, समजा १५० वॅट खर्ची पडले. त्यातले १०० जातात नुसत्या कॅरियरवर. या कॅरियरमध्ये बोलण्याचा एक शब्द नसतो. तो निव्वळ आस्थापना खर्च. उरलेल्या ५० चे दोन भाग : २५ वरच्या साइडबँडला, २५ खालच्या. दोन्हीत मजकूर तोच. एक मूळ प्रत, दुसरी कार्बन कॉपी. म्हणजे १५० खर्चून कामाचे २५! कुठला ऑडिटर हे पास करील? एसएसबीवाल्याने कॅरियर कापला, कार्बन कॉपी फाडली आणि सगळी ताकद एका बाजूला लावली. फक्त गोम अशी, की कॅरियरवाचून आवाजाचा अर्थ लागत नाही. तेव्हा पाठवणाऱ्याने वाचवलेला कॅरियर ऐकणाऱ्याने आपल्या रेडिओत तयार करून पदरचा घालायचा. व्हीपीने पार्सल यावं तसला हा व्यवहार. रेडिओत हे काम करणाऱ्या भागाला बीएफओ म्हणतात. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्या नशिबी बदक.

असा रेडिओ घ्यायला मी प्रथम लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने एक पेटी पुढे केली. "बारा बँड है, टॉर्च है, ब्लूटूथ है."

"एसएसबी आहे का? म्हणजे यूएसबी आणि एलएसबी?"

"यूएसबी है ना! पेन ड्राइव्ह लगाओ, रातभर गाना सुनो."

"तसं नाही. यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड. वरची बाजू."

त्याने रेडिओ उचलून वरची बाजू नीट न्याहाळली आणि म्हणाला, "ऊपर नहीं साब, साइड में है."

तेव्हा वाचकहो, बँड किती यावर जाऊ नका. बारा बँडचा रेडिओ बारा प्रकारे बदकं ऐकवू शकतो. पाहायचं ते एवढंच, की एसएसबीचं बटण किंवा बीएफओचं चाक आहे का, आणि रेडिओ किती बारीक सरकतो. एक किलोहर्ट्झच्या उड्या मारणारा काही कामाचा नाही. या धंद्यात शंभर हर्ट्झने चुकलात तर बोलणाऱ्याला पडसं होतं आणि चारशेने चुकलात तर पिसं फुटतात.

सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर हा या प्रांतातला घरंदाज रेडिओ. तो आता बनत नाही, आणि जुना ज्यांच्याकडे आहे ते गिऱ्हाइकाची मुलीच्या स्थळासारखी चौकशी करतात. टेकसनच्या पीएल-६६० ला बीएफओसाठी वेगळं चाक आहे. ते फिरवताना आपण काहीतरी शास्त्रीय करतोय असं वाटतं. एक्सएचडेटाच्या डी-८०८ वर विमानतळाजवळच्या विमानांचाही बँड मिळतो. मी घेतला तो टेकसनचा पीएल-३३०. तळहातावर मावतो, दहा-दहा हर्ट्झने सरकतो. किंमत चार आकडी, पण चार आकड्यांच्या पलीकडच्या टोकाची. ती घरी मंजूर झाली याचं श्रेय त्याच्या बॅटरीला आहे. त्याला बीएल-५सी लागते. जुन्या नोकिया फोनमधली तीच ती. आमच्या कपाटाच्या खणात तसल्या दोन निघाल्या. "घरात बॅटरी आहेच," सौ. म्हणाली, "तर घ्या रेडिओ." बायकांचं अर्थशास्त्र आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

रेडिओ मेव्हण्याच्या मुलाने सिंगापूरहून येताना आणला. त्याच रात्री लावला, तर त्यावर आमचंच घर ऐकू आलं. एलईडीचा दिवा, मोबाइलचा चार्जर, टीव्हीचा डबा, प्रत्येकाची वेगळी घरघर. मी एकेक बटण बंद करत सगळं घर अंधारात नेलं. "पूर्वी रेडिओ ऐकायला वीज लागायची," अंधारातून सौ.चा आवाज आला, "आता घालवावी लागते." पण उपाय हाच. बॅटरीवर ऐकायचं, चार्जर काढून ठेवायचा आणि खिडकीशी बसायचं. रेडिओला अँटेनाची खाच आहे. मी पाच मीटर तार गॅलरीत कपड्यांच्या दोरीला समांतर बांधली. तिच्यावर पहिल्याच दिवशी कुणीतरी पंचा वाळत घातला. ऐकण्यात काही फरक पडला नाही, हे नमूद करतो.

मग चाक फिरवण्याची विद्या. दहा मेगाहर्ट्झच्या खाली हॅम मंडळी बहुधा खालची बाजू वापरतात आणि वर गेलं की वरची. बाजू चुकली, तर कितीही फिरवा, कळत काही नाही. त्यात बारीक आवाज जाडे होतात आणि जाडे बारीक. बाजू बरोबर असून आवाज किनरा येत असेल, तर खालच्या बाजूवर आकडा कमी करत जायचं आणि वरच्या बाजूवर वाढवत. घाई करायची नाही. हळूहळू बदकाला मान फुटते, मग गळा, मग एकदम एक सद्गृहस्थ प्रकट होतात आणि म्हणतात, "आमच्याकडे ढगाळ आहे."

सकाळी ७००० ते ७२०० किलोहर्ट्झच्या दरम्यान हेच चालतं. हवामान, तारेची उंची, गुडघे. पण सगळ्यांत जास्त वेळ एकमेकांना एकच गोष्ट सांगण्यात जातो : तुमचा आवाज मला कसा येतोय. फाइव्ह नाइन म्हणजे स्वच्छ आणि जोरात. काउंटरवर मी वीस वर्षं लोकांशी बोलतोय. तुमचं बोलणं मला फाइव्ह नाइन पोचलं, असं एकाही खातेदाराने म्हटलेलं नाही. रात्री ६६७६ वर, वरच्या बाजूला, निरनिराळ्या विमानतळांचं हवामान पाच-पाच मिनिटं वाचतात. ते ऐकत मला उत्तम झोप लागते.

याच मंडळींनी १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात निरोप पोचवले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४आरबीआय या खुणेने निरोप देत-घेत होत्या. आरबीआय ही तीन अक्षरं ऐकली की बँकेतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. इथे प्रथमच हायसं वाटलं.

आमचे अण्णा तारखात्यातले. उभा जन्म शब्दामागे पैसे मोजण्यात गेल्यामुळे घरीसुद्धा ते तारेच्या दराने बोलायचे. "चहा. गरम. बाहेर जातोय." कर्ता, विशेषणं, माया, सगळं गाळलेलं. ते आई घालायची. "अण्णा म्हणतायत, पाऊस येईल, छत्री ने बाळा," असं ती आम्हांला सांगायची. अण्णा फक्त "छत्री" म्हणालेले असायचे. तीन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर अण्णांचे शब्द तेवढेच येत राहिले, पण ऐकणाऱ्या आमच्याकडे ते लावून घेण्याची सोय उरली नाही. तार तर २०१३ च्या जुलैतच बंद झाली होती.

एका रात्री मी ७००० च्या अगदी खालच्या अंगाला होतो. तिथे मोर्स चालतो. साध्या रेडिओवर तो नुसता धाप लागल्यासारखा वाटतो. बीएफओ लावला की शिट्टी होते. अण्णा पाणी प्यायला उठले होते. ते दारात थांबले.

"शिट्टी," ते म्हणाले. "आमचं कडकट्ट."

त्यांचा कान ठोक्यांना सरावलेला, शिट्टीला नव्हे. दोन रात्री ते नुसते ऐकत बसले. तिसऱ्या रात्री त्यांनी पेन्सिल मागितली आणि बँकेच्या जुन्या स्लिपांच्या पाठीवर लिहू लागले. सीक्यू, सीक्यू, सीक्यू. कुणीही यावं, बोलावं. "सारखं तेच तेच," अण्णा म्हणाले, "शब्दामागे पैसे पडत नाहीत वाटतं." शेवटी ७३ आलं, मी सांगितलं, त्याचा अर्थ शुभेच्छा. अण्णा खूश झाले. "आमच्याकडेही शुभेच्छांना नंबर होते." एकाचा मोर्स त्यांना फार आवडला. "हात चांगला आहे. हातावरून माणूस कळतो."

मग शिट्टी विरत गेली आणि नुसती खरखर उरली. मी चाकाला हात लावणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "माझ्या लग्नाची तार मीच घेतली."

मी काही बोललो नाही.

"१९७४. दुपारची पाळी. तुझ्या आजोबांनी, आईच्या वडिलांनी, आमच्या घरच्या पत्त्यावर केलेली. प्रपोजल अ‍ॅक्सेप्टेड, लेटर फॉलोज. मी कागदावर उतरवली, लखोटा बंद केला, शिपायाकडे दिली. तारेतला मजकूर कुणाला सांगायचा नसतो, नियम आहे. पत्ता घरचा, नाव माझ्या वडिलांचं. म्हणून पाळी संपेपर्यंत गप्प बसलो. घरी गेलो तर आई पेढे वाटत होती. मला म्हणाली, अरे, तुला कळलं का? मी म्हटलं, नाही." ते थोडं थांबले. "तुझ्या आईला हे मी कितीतरी वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, तरीच! तोंडावर काहीच दिसलं नाही, तेव्हा मला वाटलं, तुम्हांला मी पसंत नव्हते."

एवढी वाक्यं मी त्यांच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती. "मग?" मी विचारलं. "तुम्ही काय म्हणालात?"

अण्णांनी पेन्सिल वर करून मला गप्प केलं. खरखरीतून शिट्टी पुन्हा उमटत होती.

"थांब," ते म्हणाले. "तो परत आला."