पाण्यात असलेली घे

चिऊ,

तू पाठवलेले दोन्ही बोटींचे फोटो आणि व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिले. दादाचाही फोन येऊन गेला. ‘पन्नास वर्षांची जुनी बोट घेऊन ही पोरगी समुद्रात निघालीय, तिला समजाव,’ म्हणाला. समजावणार आहे, पण त्याला हवं तसं नाही. तू बोट घ्यावीस असं मला मनापासून वाटतं. फक्त त्या दोघींतली स्वस्त आणि चकचकीत दिसणारी घेऊ नकोस. फेअरहॅमच्या खाडीत चिखलावर उभी असलेली, रंग उडालेली, ती घे. का, ते सविस्तर लिहिते. तिकडे हाच विचार मनात घोळवणारी आणखीही मराठी मुलं आहेत, म्हणून हे पत्र अंकात छापायला दिलं आहे. तुझी हरकत नाही हे विचारूनच.

दोन्ही बोटी वेस्टर्ली सेंटॉर आहेत, हे वाचून फार बरं वाटलं. त्या घडल्या तुझ्या पोर्ट्समथच्या मागेच, वॉटरलूव्हिलला. ही कंपनी १९६३ साली काढणारे डेनिस रेनर दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकवर जर्मन पाणबुड्यांच्या मागावर असलेल्या जहाजांचे अधिकारी होते. ‘द एनिमी बिलो’ ही कादंबरी त्यांचीच. तिच्यावरचा सिनेमा दादाला नक्की आठवत असेल. सेंटॉर मात्र रेनर गेल्यावर, १९६९ मध्ये आली. लॉरेंट जाइल्स या नावाजलेल्या कार्यालयाने तिचा आराखडा केला. लांबी २६ फूट, वजन तीन टन, आणि खाली एका कीलऐवजी, म्हणजे बुडाखालच्या वजनदार पात्याऐवजी, दोन. १९८० पर्यंत अशा सुमारे अडीच हजार बोटी बाहेर पडल्या. वाऱ्यावर चढत जाताना एका खोल कीलची बोट तिला मागे टाकते, हे खरं. पण ओहोटी लागली की ती बोट कलंडते आणि सेंटॉर आपल्या दोन कीलवर चिखलात ताठ उभी राहते. तुझ्या पगारात या गुणाला फार किंमत आहे. सोलेंटमधल्या चांगल्या मरिनाचं एका वर्षाचं भाडं या बोटीच्या किमतीएवढं होतं. ओहोटीला कोरडं पडणारं मूरिंग, म्हणजे बोट बांधायची जागा, त्याच्या कितीतरी खाली मिळतं. दिवसातून काही तासच बोट हलवता येईल, एवढीच अडचण. भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून घराबाहेर पडणं आपल्या कोकणातल्या माणसाला काही नवीन नाही.

आता त्या दोघींबद्दल.

यार्डातली बोट कित्येक वर्षं स्टँडवर आहे. मालकाने हल्लीच बाहेरून पॉलिश मारलं आहे, आत नव्या गाद्या घातल्या आहेत. खाडीतली बोट गेल्या सप्टेंबरात पूल बंदरापर्यंत जाऊन आली आहे. तिच्या गाद्या फाटक्या आहेत आणि डेकचा रंग सोलला आहे. किमतीत तफावत आहे, ती तुला जास्त वाटते. मला ती कमी वाटते.

फायबरग्लासचं शरीर सहसा कुजत नाही. सत्तरच्या दशकात कापड आणि रेझिन सढळ हाताने वापरत, त्यामुळे या बोटींच्या भिंती जाड आहेत. बिघडतं ते बाकी सगळं, आणि उभ्या बोटीत ते चोरपावलांनी बिघडतं. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारतात, त्यांची काळजी घेणारा माणूस असतो आणि नारळी पौर्णिमेची तारीख असते. तिकडेही ऑक्टोबरात बोटी वर काढून एप्रिलात उतरवतात, त्यात बोटीचं भलंच होतं. पण ज्या बोटीला उतरण्याची तारीखच उरलेली नाही, तिची गत निराळी. पावसाचं पाणी डेकवरच्या बोल्टांच्या भोकांतून आत झिरपत राहतं. टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी उतरतं आणि त्यात जंतूंचा काळा चिकट गाळ साठतो. समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात कोणी पाणी तसंच ठेवलं आणि कडाक्याची थंडी पडली, तर बर्फ होऊन ब्लॉक तडकतो. बाहेरून यातलं काहीही दिसत नाही. जी बोट सप्टेंबरात पूलला गेली, तिचं इंजिन सुरू झालं होतं, सुकाणू वळलं होतं, शिडं चढली होती. हा दाखला कोणत्याही पॉलिशपेक्षा मोठा आहे.

तरीही सर्व्हेअर लावल्याशिवाय एक पैसा पक्का करू नकोस. करारात ‘सर्व्हेच्या अधीन’ हे शब्द हवेत. अनामत साधारण दहा टक्के मागतात, ती त्या अटीवरच द्यायची. सर्व्हेअर तू निवडायचा, त्याची फी तू द्यायची. विकणाऱ्याने सुचवलेला नको. आणि त्याच्या आधी एक अख्खी सकाळ स्वतः बोटीवर घालव.

त्या सकाळी प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर बरोबर ने. मुठीने डेकवर हलकेच टकटक करत नाळेपासून मागे ये, वीत-वीत जागा सोडत. चांगल्या डेकचा आवाज कडक, टणटणीत येतो. कठड्याच्या खांबांपाशी, डोलकाठीच्या पायापाशी, झाकणांच्या कडेला तोच आवाज एकदम बोदा झाला, तर आत पाणी शिरलंय आणि थर सुटलेत किंवा मधलं लाकूड भिजलंय. तिथे खडूने खूण कर. टाचेने दाब देऊन बघ, पायाखाली किंचित दबतंय का. वीतभर जागा असेल तर ते काम तुझ्या हातचं आहे. बाजूच्या सगळ्या पट्टीवर खुणा झाल्या, तर किमतीची बोलणी पुन्हा करायची.

बुडाला फोड दिसले तर घाबरू नकोस. ऑस्मोसिस म्हणतात त्याला. पाणी रेझिनच्या आत शिरतं आणि आतल्या रसायनांशी मिळून आंबट द्रव तयार होतो. फोड फोडला की व्हिनेगरसारखा वास येतो. पूर्ण उपचार म्हणजे वरचा थर सोलायचा, बूड काही महिने वाळू द्यायचं आणि मग इपॉक्सीचे थर चढवायचे. बोटीच्या किमतीच्या मानाने हा खर्च प्रचंड आहे. पण फोडांनी बोट सहसा बुडत नाही. इतक्या वयाच्या बोटीवर थोडे असतातच. माझ्या मते त्यावर झोप उडवण्यात अर्थ नाही.

झोप उडावी अशी जागा कील ही आहे. ‘चीकी राफिकी’चं नाव तू ऐकलं असशील. मे २०१४ मध्ये अटलांटिकच्या मध्यावर तिची कील सुटली आणि चौघे ब्रिटिश खलाशी गेले. ती बोट जुनी नव्हती, २००६ ची होती. पूर्वी जमिनीला लागल्यामुळे आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे आतल्या सांगाड्याचा जोड कमकुवत झाला असावा, असं चौकशी अहवालात आलं. म्हणून जुन्या-नव्याचा विचार बाजूला ठेव आणि कील बघ. सेंटॉरची तर ही ओळखीची दुखरी जागा आहे. दोन कील बाहेरच्या बाजूला कललेल्या असतात. चिखलावर बसताना त्या आणखी बाहेर रेटल्या जातात आणि तो जोर त्यांच्या मुळाशी, बुडाच्या आतल्या बाजूला येतो. सुरुवातीच्या बोटींत तिथे पुरेशी मजबुती नव्हती. नंतर अनेक मालकांनी आतून फायबरग्लासचे आडवे टेकू घालून घेतले. खाडीतल्या बोटीला ते घातलेत का, हा तुझा पहिला प्रश्न. ‘घातलेत’ म्हणाले तर कधी, कोणी, पावती आहे का, हा दुसरा. केबिनची फळी उचलून टॉर्च मार. कीलच्या बोल्टांभोवती गंजाचे ओघळ, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा किंवा पांढुरका पडलेला पट्टा दिसला तर फोटो काढ आणि सर्व्हेअरला आधी दाखव. सर्व्हेच्या दिवशी क्रेनच्या पट्ट्यांत बोट लोंबकळत असताना तू आत बसायचं आणि जमिनीवर टेकताना फळीखाली काय हलतं ते डोळ्यांनी बघायचं. तिथे काही हललं, तर ती बोटही सोड. बिनदिक्कत सोड.

सीकॉक्सना विसरू नकोस. बुडातल्या भोकांवरचे ते झडप-नळ फुटले की समुद्र सरळ केबिनमध्ये. प्रत्येक नळ उघडून बंद करून बघ. चाकूच्या टोकाने धातू जरा खरवड. पिवळसर चमकला तर ठीक. तांब्यासारखा गुलाबी दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि तो नळ आता बिस्किटासारखा ठिसूळ आहे. सगळेच बदलायचे. काम फार महाग नाही, आणि बोट वर काढलेली असतानाच होतं.

इंजिन थंड असतानाच बघायचं. गेल्यागेल्या, बोलणं सुरू व्हायच्या आत, ब्लॉकवर तळहात ठेव. कोमट लागलं तर मालकाने आधीच चालवून ठेवलंय. नम्रपणे सांग की उद्या पुन्हा येते. थंड डिझेल इंजिन सुरुवातीला धूर सोडणारच, तो विरतो का हे बघ. निळा धूर राहिला तर तेल जळतंय, काळा राहिला तर इंधन पुरतं जळत नाही किंवा इंजिनावर ताण आहे. पांढरा राहिला तर अर्धवट जळालेलं डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरणारं पाणी. एक्झॉस्टमधून पाण्याचे हबके पडतायत ना, तेही वाकून बघ.

डोलकाठी ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारांचं वय विचार. दहा वर्षं उलटली की बरेच विमावाले त्या बदलल्याशिवाय पॉलिसी देत नाहीत. खाडीतल्या बोटीच्या तारांची पावती नसेल, तर त्या बदलायच्याच आहेत असं धरून किंमत पाड. आणि स्वयंपाकाचा गॅस. तो हवेपेक्षा जड असतो, गळला की बिल्जमध्ये, बोटीच्या तळाशी, साठून राहतो आणि एका ठिणगीने बोट उडते. जुनी रबरी नळी दिसली की तारीख न बघता काढून टाक.

कागदांत विक्रीखतांची साखळी मागून घे, पहिल्या मालकापासून शक्य तितकी. ब्रिटिश कायद्यात नोंदलेल्या जहाजाचे ६४ हिस्से असतात. तुझ्या खतात सगळेच्या सगळे ६४ तुझ्या नावावर आले पाहिजेत. बोटीवर कर्ज किंवा यार्डाची थकबाकी नाही, हे लेखी घे. यार्डातल्या त्या बोटीच्या बाबतीत मला हीच शंका सर्वांत जास्त आहे, कारण इतक्या वर्षांचं भाडं कोणीतरी भरलेलं असायला हवं.

स्वस्त बोटीचं आणखी एक सांगायचं आहे. लाकडी होडी संपली की खाडी तिला गिळते. फायबरग्लासची बोट कुठेच जात नाही. तिकडच्या खाड्यांत टाकून दिलेल्या बोटी तू पाहिल्याच असतील. मोडीत घालायलाही पैसे मोजावे लागतात, म्हणून लोक नाममात्र किमतीत त्या कोणाच्या तरी गळ्यात मारतात. बहुतेकदा एखाद्या हौशी तरुणाच्या. तो दोन हिवाळे सँडपेपर घासतो, पैसे संपतात आणि एकदाही शीड न उभारता समुद्राला कायमचा पाठमोरा होतो. तुझं तसं होऊ नये म्हणून मी इतकं लिहिते आहे. तू डे स्किपरची परीक्षा दिलीस ती समुद्रावर जाण्यासाठी. या उन्हाळ्यात तुझी बोट चालली पाहिजे. दुरुस्त्या हिवाळ्यात कर, एकेक कर. जेवढ्याला बोट घेशील तेवढीच रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेव, आणि नव्या गाद्या सर्वांत शेवटी शिव.

दादाला मी ‘तृष्णा’ या बोटीबद्दल सांगितलं. आपल्या लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरच्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ मध्ये जगप्रदक्षिणा केली, भारतीयांची पहिली, ती इंग्लंडातून घेतलेल्या ३७ फुटी जुन्या बोटीवर. दर्यावर्दी अभिलाष टॉमींचंही सांगितलं. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत त्यांची गोव्यात बांधलेली नवी कोरी तुरिया वादळात मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. २०२२ मध्ये ते पुन्हा उतरले ते आधीच्या शर्यतीच्या विजेत्याची वापरलेली बोट घेऊन. वाटेत वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र मोडलं, तेव्हा शौचालयाचं दार कापून त्याचं पातं केलं आणि २३६ दिवसांनी दुसरे आले. आपली बोट आतून-बाहेरून माहीत असलेला माणूसच असं दार कापतो. जुनी बोट दुरुस्त करता करता तुलाही ती ओळख होणार आहे. दादा ऐकून गप्प झाला. मग म्हणाला, ‘लाइफजॅकेट चांगलं घे म्हणावं.’ म्हणजे त्याची परवानगी मिळाली असं समज. खर्चही तोच देणार आहे.

सर्व्हेचा रिपोर्ट आला की सारांश नको, अख्खा पाठव. त्यातल्या शिफारशींवर ‘पाण्यात उतरण्यापूर्वी’ आणि ‘सवडीने’ अशा दोन खुणा आपण फोनवर बसून करू. मी मे महिन्यात तिकडे येते आहे, सीकॉक तेव्हाच बदलू. पाण्याच्या पंपाचे इम्पेलर आतापासून शोधून ठेव, जुन्या वोल्वो इंजिनाचे दुकानात लगेच मिळतीलच असं नाही. दोन घे.

तुझी,
आत्या